श्रावणबाळाची कावड कोणाच्या खांद्यावर?

(गिरणगावातल्या महिला गटांच्या एका मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

फळ्यावर आजचा विषय 'वृद्धांची काळजी' असा लिहिला आहे. तो वाचून काही जणींच्या मनात आलं असेल, हा तर ज्येष्ठ नागरिक संघाचा विषय, आपल्या गटात याचं काय काम? आपण मारहाणीवर बोललो, रेशनवर बोललो, घर बाईच्या नावावर व्हावं म्हणून भांडलो. पण लालबाग-परळ-शिवडी भागात काम करताना मला एक गोष्ट वारंवार दिसते. गटात नियमित येणारी, मोर्चात पुढे असणारी एखादी बाई हळूहळू येईनाशी होते. आपण हजेरीच्या वहीत 'गैरहजर' लिहितो आणि दोन-तीन महिन्यांनी तिचं नाव गाळतो. घरी गेलं की कळतं, सासऱ्यांना अर्धांगवायू झाला आहे, नाहीतर सासूचं मांडीचं हाड मोडलं आहे. ती बाई कामावरून गेली, बचत गटातून गेली, चळवळीतून गेली. तिला कोणी मारलेलं नाही, कोणी कोंडलेलं नाही. तरी ती चार भिंतींच्या आत परत गेली. म्हणून हा आपला विषय आहे.

आज मी सगळ्याच म्हाताऱ्या माणसांबद्दल बोलणार नाही. गाव सोडून इथे आलेल्या आणि इथेच म्हाताऱ्या झालेल्या माणसांबद्दल बोलणार आहे. त्यांचं करणाऱ्या बायांबद्दल बोलणार आहे. आणि घराबाहेरची मदत घेऊ या म्हटलं की घरात जे वादळ उठतं, त्याबद्दलही.

ही माणसं कोण?

रत्नागिरी-सिंधुदुर्गातून, सातारा-सांगली-कोल्हापूरकडून माणसं मुंबईच्या गिरण्यांत आली. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला तेव्हा अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. लाखाहून अधिक जणांना पुन्हा काम मिळालं नाही. त्या वेळी जो तिशीत होता तो आज सत्तरीच्या पुढे आहे. कापसाच्या धुळीनं त्याची छाती गेलेली आहे, मागाच्या आवाजानं कान गेलेले आहेत. कामगारांची पेन्शन योजना आली १९९५ साली. त्याच्या कितीतरी आधी याची नोकरी संपलेली होती. म्हणजे म्हातारपण आलं ते आजार घेऊन आलं, पण पैसा घेऊन आलं नाही.

दुसरी आहे त्याची बायको. ती कधी संपानंतर, कधी मुलगा कमवता झाल्यावर, कधी नवरा गेल्यावर मुंबईला आली. तिच्या स्थलांतराबद्दल कोणी बोलत नाही. पन्नाशी-साठीपर्यंत जिनं शेती केली, गुरं राखली, भावकीची भांडणं निस्तरली, ती एकदम दहा बाय बाराच्या खोलीत येऊन बसली. तिला इथे परसू नाही, शेजारीण नाही, हातात काम नाही. रस्ता ओलांडायची भीती वाटते. अशा बाईला आपण 'घरात बसून असते' म्हणतो. पण ती घरात बसलेली नसते, तिला बसवलेलं असतं.

आणि या सगळ्यांच्या मागे आहे ती सून, लेक किंवा म्हातारी बायको, जी त्यांचं करते.

काळजीचा जुना हिशेब

'आपल्यात म्हाताऱ्यांना बाहेर ठेवत नाहीत. आपल्यात घरचंच माणूस करतं.' हे वाक्य मी शेकडो घरांत ऐकलं आहे. ते बोलणाऱ्याचा मला राग येत नाही, कारण त्यात माया असते. पण गिरणगावचा इतिहास त्याच्याशी जुळतो का, ते एकदा बघू या.

गिरणीत आलेले बहुतेक पुरुष एकटे आले. एका गाळ्यात गावची पंधरा-वीस माणसं, पाळीप्रमाणे झोपायची. बायका गावी राहिल्या. मनीऑर्डर गावी जायची आणि त्या मनीऑर्डरच्या बदल्यात सून सासू-सासऱ्यांचं करायची, शेत सांभाळायची, पोरं वाढवायची. म्हणजे आज जे आजोबा 'घरच्यांनीच करावं' म्हणतात, त्यांनी स्वतःच्या आई-वडिलांचं केलं होतं का? त्यांनी पैसे पाठवले. करणारी त्यांची बायको होती. शेवटच्या आजारात आईला कुशीवर कोणी वळवलं, हे त्यांनी गणपतीला किंवा शिमग्याला गावी गेल्यावर ऐकलं.

आणि इथे त्या एकट्या पुरुषाचं कोण करत होतं? खानावळवाली. सकाळ-संध्याकाळ वीस-पंचवीस जणांचं जेवण रांधायची, पगार झाला की महिन्याचे पैसे घ्यायची, संप लागला की उधारीवर जेवू घालायची, आजारी पडला तर पेज करून द्यायची. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी याच बायांना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. स्वयंपाक हे बाईचं घरचं काम म्हणून ज्याला कोणी काम मानत नव्हतं, त्याला त्यांनी धंदा म्हणून बँकेच्या दारात नेलं आणि कर्ज मिळवलं.

मला यातून एवढंच दाखवायचं आहे की पैसे देऊन परक्या बाईकडून काळजी घेणं गिरणगावाला नवीन नाही. या भागातल्या पुरुषांनी आयुष्याची वीस-तीस वर्षं परक्या बाईच्या हातचं खाल्लं. त्यात कोणाची लाज गेली नाही, कोणाचे संस्कार बुडाले नाहीत. मग तोच पुरुष ऐंशीचा झाल्यावर त्याला भरवायला बाहेरची बाई आली की लाज कुठून येते? मला वाटतं, फरक एवढाच आहे की तेव्हा घरात फुकट करणारी सून नव्हती. आता आहे.

या हिशेबात सर्वांत जड वाटा कोणाचा पडतो, सांगू? गावी राहिलेल्या बायकोचा. अशी एक मावशी माझ्या ओळखीची आहे. लग्नानंतर नवरा मुंबईत, ती गावी. वर्षातून महिनाभर नवरा यायचा. तिनं एकदा बोटांवर मोजून मला सांगितलं, तीस वर्षांत मिळून अडीच वर्षं आम्ही एकत्र राहिलो असू. पुढे त्याला पक्षाघात झाला आणि तिला मुंबईला बोलावून घेतलं. ती म्हणाली, "बाई, ज्याच्याबरोबर धड संसार केला नाही, त्याचं हगणंमुतणं काढायला मी आले." ती ते करत होती, नीट करत होती. पण त्याला 'पत्नीधर्म' म्हणून हार घालायला गेलं की तिच्या त्या अडीच वर्षांचा हिशेब कोणी विचारत नाही.

करणं म्हणजे काय?

'म्हाताऱ्यांचं करणं' हा शब्द फार लहान आहे. त्यात काय काय येतं ते गटात बसून लिहून काढा. पहाटे पाणी येतं तेव्हा उठून भरणं. संडास गॅलरीच्या टोकाला, म्हणून खोलीतच खुर्चीवर किंवा भांड्यात सोय करणं आणि ते भांडं सगळ्यांच्या देखत गॅलरीतून नेणं. अंग पुसणं, कुशी बदलणं, पाठीला जखम होऊ न देणं. मऊ भात भरवणं. केईएमच्या ओपीडीत सकाळी लवकर नंबर लावणं, औषधांच्या वेळा पाळणं. विसरभोळेपणाचा आजार असेल तर रात्री चार वेळा 'मला गावी जायचंय' म्हणून दार उघडणाऱ्या माणसाला समजावून परत आणणं. आणि हे सगळं त्याच खोलीत, जिथे मुलांचा अभ्यास चालतो आणि जिथे नवरा-बायकोला झोपायचं असतं.

सरकारचं २०२४ चं वेळेच्या वापराचं सर्वेक्षण काय सांगतं? घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, तर घरकाम करणाऱ्या पुरुषाची ८८ मिनिटं. घरातल्यांची काळजी घेण्यात बाईची १३७ मिनिटं जातात आणि पुरुषाची ७५. हे फक्त जे पुरुष असं काम करतात त्यांचे आकडे आहेत. मुळात असं काम करणारे पुरुषच कमी. आणि रात्रीचा एक डोळा उघडा ठेवून झोपणं कोणत्याच आकड्यात नीट धरता येत नाही.

गणपतीचंच उदाहरण घ्या. चाळीतलं अर्धं कोकण गावी जातं. ज्या घरात कोणी अंथरुणावर आहे, तिथे मागे कोण राहतं? मुलगा जातो, कारण घरच्या गणपतीला पुरुष माणूस लागतो. नातवंडं जातात. मागे राहते ती सून. कोणी तिला 'तू राहा' असं सांगतही नाही. ते ठरलेलंच असतं.

नाही का म्हणतात?

आता बाहेरच्या मदतीबद्दल बोलू. ब्युरोची आया, दिवसाचं केंद्र, वृद्धाश्रम यांतलं काहीही सुचवलं की घरातून नकार येतो. एम.एस.डब्ल्यू.च्या अभ्यासक्रमात आम्हाला शिकवतात, नकाराचं कारण समजून घ्या. हा नकार एका तोंडाचा नसतो. घरातला प्रत्येक जण 'नाही' म्हणतो, पण कारणं वेगवेगळी असतात.

म्हाताऱ्या माणसाचं 'नाही' आधी ऐकू या. शिवडीच्या एका आजी मला म्हणाल्या, "माका आश्रमात धाडू नको गो." मी विचारलं, आजी, तुम्हाला तिथे नक्की कसली भीती वाटते? त्यांनी सांगितलं ते असं. तिथे माझी बोली कोणाला कळायची नाही. मासळी मिळायची नाही. मेले तर गावाला कोण कळवणार? आणि सर्वांत शेवटी, आवाज खाली करून, एकदा खोली सोडली की ती आपली राहत नाही. हे वेडेपण नाही. चाळींच्या जागी टॉवर उभे राहताना ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना खोलीतून हलणं म्हणजे हक्कातून हलणं वाटतं. सोसायटीचे कागद, भाडेपावती, पुनर्विकासातला फ्लॅट हे सगळं त्या खाटेशी बांधलेलं असतं. म्हणून म्हातारीचं 'नाही' हे पुष्कळदा काळजीला नसतं, तिची भाषा, तिचं जेवण आणि तिचा हक्क काढून घेण्याला असतं. त्याची सोय करून दिली तर 'नाही' बदलतं, हे मी पाहिलं आहे.

मुलाचं 'नाही' वेगळं. तो म्हणतो, भावकीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही. गावच्या मंडळाच्या बैठकीत कोणी काय म्हणेल, ही त्याची चिंता. अब्रू त्याची आणि ती राखण्याचे कष्ट बायकोचे. आईला कोणत्या वेळी कोणती गोळी द्यायची, हे विचारून बघा. बहुतेक वेळा तो स्वयंपाकघराकडे बघतो.

सुनेचं 'नाही' सर्वांत अवघड. ती सगळ्यांसमोर म्हणते, मला काही जड नाही. एकटी भेटली की म्हणते, ताई, मला एक दिवस सलग झोपायचं आहे. मदत मागितली तर तिला 'सासू नकोशी झाली' असं म्हणतील. लेक आईचं करत असेल तर तिचा आणखी वेगळा पेच. ती सासरी कळू न देता येते, घाईघाईनं अंग पुसून, वेणी घालून जाते. लेकीनं केलेल्या कामाला तर 'करणं' असंही कोणी म्हणत नाही.

आणखी एक 'नाही' आहे. त्याच्याबद्दल आपण गटातसुद्धा बोलत नाही. आया आली तर ती कोणाची? हा प्रश्न विचारला जातो. घाण काढायला चालते, पण पाणी भरायला, भाकरी थापायला चालत नाही. तिचा कप वेगळा ठेवला जातो. 'बाहेरच्या बाईचं आजींना आवडत नाही' या वाक्याच्या आत पुष्कळदा जात लपलेली असते. आपण म्हाताऱ्यांचा मान राखायचा, पण त्यासाठी दुसऱ्या बाईचा अपमान सहन करायचा नाही. हे आपल्या गटांनी स्पष्ट ठरवायला हवं.

ब्युरोतून येते ती कोण?

ही आया येते कुठून? गोवंडी-मानखुर्दहून, डोंबिवली-दिव्याच्याही पलीकडून. पुष्कळदा ती मराठवाड्यातून, विदर्भातून आलेली, म्हणजे तीही स्थलांतरितच. बारा तासांची पाळी, ब्युरोचं कमिशन कापून हातात पैसे. पेशंट गेला की त्याच दिवशी नोकरी गेली. आजारपणाची रजा नाही. कंबर मोडेपर्यंत माणसं उचलायची, पण उचलायचं कसं हे कोणी शिकवलेलं नाही. आणि तिच्या घरी तिच्या सासूचं कोण करतं? तिची चौदा-पंधरा वर्षांची मुलगी.

महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला. तो होण्यासाठी आपल्या संघटना रस्त्यावर होत्या. पण आया म्हणून काम करणाऱ्या कितीतरी जणी स्वतःला घरेलू कामगार म्हणवून घेत नाहीत, आणि नर्स म्हणून त्यांना कोणी मानत नाही. त्या अधांतरी आहेत. म्हणून मैत्रिणींनो, लालबागच्या सुनेला मोकळं करण्यासाठी मानखुर्दच्या बाईला स्वस्तात राबवायचं, हे उत्तर आपलं असू शकत नाही.

सरकार काय करतं?

महाराष्ट्र सरकारच्या एका योजनेचं नाव आहे 'श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना'. वय ६५ च्या वर आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न एकवीस हजारांच्या आत, अशांसाठी. २०२३ पासून महिन्याला १५०० रुपये. नावातच सरकारनं काळजी कोणावर सोपवली ते बघा. कावड मुलानं उचलायची. पण घराघरांत ती कावड सुनेच्या खांद्यावर आहे आणि तिचं नाव ना योजनेत ना गोष्टीत.

आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाचा कायदा २००७ साली आला. मुलं सांभाळत नसतील तर न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो, महिन्याला दहा हजारांपर्यंत निर्वाह मिळू शकतो. छळ सोसणाऱ्या म्हाताऱ्या आयांसाठी तो आधार आहे आणि आपण तो वापरायलाच हवा. पण त्याच कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, दीडशे निराधारांना पुरेल असा वृद्धाश्रम सरकारनं काढण्याची गोष्ट आहे. तिथे भाषा 'काढावा' अशी सक्तीची नाही, 'काढू शकेल' अशी आहे. मुलांवर सक्ती आणि सरकारला सवलत. २०१९ साली दुरुस्ती विधेयक आलं, त्यात सून आणि जावई यांनाही जबाबदारांच्या यादीत घालायचं होतं. ते मंजूर झालं नाही. पण रोख कुठे आहे ते कळलं.

या कायद्याची दुसरी बाजू आपल्याकडे येणाऱ्या केसेसमध्ये दिसते. नवऱ्याशी वाद झाला की सासू-सासऱ्यांच्या नावानं अर्ज करून सुनेला घराबाहेर काढायचं. १५ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं एस. वनिता प्रकरणात सांगितलं की, ज्येष्ठ नागरिकांचा कायदा वापरून कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं बाईला दिलेला सामाईक घरात राहण्याचा हक्क सरसकट पुसून टाकता येणार नाही. हा निकाल प्रत्येक गटाच्या फायलीत असू द्या. म्हातारी सासू आणि सून यांना एकमेकींविरुद्ध उभं करून घर तिसऱ्यानंच घ्यायचं, हा खेळ आपण ओळखला पाहिजे.

ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या सगळ्यांना आयुष्मान योजनेत पाच लाखांपर्यंतचा उपचार आहे. चांगलं आहे. पण तो रुग्णालयात दाखल झाल्यावर. हाड जोडून घरी सोडलं की पुढचे सहा महिने कोणाचे? त्याचा एक रुपयाही त्यात नाही, कारण घरी फुकट करणारी आहे हे धरूनच चाललेलं असतं.

इतरांनी काय केलं?

हे फक्त आपलंच दुखणं नाही. जर्मनीनं १९६१ साली तुर्कस्तानशी करार करून कामगार नेले. तेही आपल्या गिरणी कामगारांसारखे एकटे गेले, 'चार पैसे गाठीला बांधून परत येऊ' म्हणून. परतले नाहीत, तिथेच म्हातारे झाले. जर्मनीत १९९५ पासून दीर्घ काळजीचा विमा आहे. त्यात घरी येणारी सेवा घेता येते किंवा रोख पैसे घेता येतात, आणि रोख रक्कम सेवेच्या किमतीपेक्षा बरीच कमी असते. तुर्की घरं पुष्कळदा रोख घेतात आणि करतात लेकी-सुनाच. भाषा आणि जेवण आपलं नाही म्हणून बाहेरची सेवा नको, हेच तिथेही ऐकू येतं.

जपानमध्ये तर 'सुनेनं करायचं' ही रीत आपल्याइतकीच घट्ट होती. तिथे हिगुची केइको आणि त्यांच्या सहकारी बायांनी १९८३ साली संघटना केली आणि म्हातारपणाचा प्रश्न बायांचा प्रश्न म्हणून मांडला. १९९७ साली कायदा झाला, २००० साली अमलात आला. चाळिशीपुढच्या प्रत्येकानं हप्ता भरायचा आणि गरजेप्रमाणे घरी मदतनीस, दिवसाचं केंद्र, काही दिवसांची निवासी सोय मिळवायची. घरच्यांना रोख पैसे द्यावेत अशीही सूचना होती. या बायांनी विरोध केला. त्यांचं म्हणणं, चार पैसे हातावर ठेवले की सून कायमची बांधली जाईल. आम्हाला शाबासकी नको, सेवा हवी. तिथे सगळं सुरळीत झालं असं नाही, काळजी घेणाऱ्या कामगारांचा पगार तिथेही कमीच आहे. पण काळजी हा घरातला गुपचूप मामला राहिला नाही.

आणि लांब कशाला, केरळ बघा. मलप्पुरमसारख्या जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून शेजाऱ्यापाजाऱ्यांचे गट अंथरुणाला खिळलेल्यांकडे घरी जाऊ लागले. २००८ साली राज्यानं त्याचं धोरण केलं आणि पंचायतींमार्फत नर्स घरी येऊ लागली. जखम धुते, नळी बदलते, घरच्यांना शिकवते. माणूस आपल्याच खाटेवर, आपल्याच भाषेत, आणि तरी बाई एकटी नाही.

आपण काय मागायचं?

'घर की आश्रम' हा प्रश्नच आपल्याला अडकवतो. घर म्हटलं की सून फुकट राबणार, आश्रम म्हटलं की म्हातारी टाकून दिल्यासारखी होणार. मधे कितीतरी गोष्टी असू शकतात आणि त्या आपण मागायच्या आहेत.

पहिली, प्रत्येक वॉर्डात दिवसाचं केंद्र. पालिकेच्या शाळांचे रिकामे वर्ग आहेत, समाजमंदिरं आहेत. तिथे आपल्या बोलीत बोलणारी माणसं, आपलं जेवण आणि चालता येत नाही त्यांना न्यायला गाडी असावी.

दुसरी, पालिकेच्या दवाखान्यातून घरी येणारी नर्स. आणि हे काम आशाताईंच्या डोक्यावर आणखी एक मोबदला म्हणून टाकायचं नाही. त्यासाठी पगारी माणूस हवं.

तिसरी, आयांना प्रशिक्षण, किमान वेतन, आठवड्याची सुट्टी आणि ब्युरोंची नोंदणी.

चौथी, करणाऱ्या बाईला सुट्टी. वर्षातून काही दिवस म्हाताऱ्या माणसाला चांगल्या ठिकाणी ठेवता आलं पाहिजे, खोलीवरचा हक्क न जाता. म्हणजे गणपतीला तीही गावी जाईल.

पाचवी मागणी सरकारकडे नाही, घराकडे आहे. मुलानं अंग पुसायला शिकायचं. 'पुरुषाला जमत नाही' हे चालणार नाही. गिरणीत त्यानं साचा चालवला, गाळ्यात वीस माणसांत पाळी लावून पाणी भरलं, सगळं जमलं होतं.

सहावी, पुनर्विकासाचे कागद होताना करणाऱ्या बाईचं नाव त्यावर यावं यासाठी गटानं उभं राहायचं. सहा वर्षं सासूचं केलं आणि ती गेल्यावर दीर फ्लॅटचा वाटा मागायला आले, तेव्हा त्या सहा वर्षांचं मोल शून्य धरलं गेलं, अशी केस आपल्याकडे आहे. ती शेवटची असावी.

आणि जी म्हातारी माणसं आहेत, त्यांच्याशिवाय यातलं काही ठरवायचं नाही. त्यांच्याबद्दल त्यांच्यासमोरच तिसऱ्या माणसासारखं बोलायची सवय आपल्यालाही आहे. त्यांना विचारा. शिवडीच्या त्या आजी पुढे काय म्हणाल्या माहीत आहे? "सकाळी नेऊन सांजेला परत हाडशात, तर येतंय मी." म्हणजे त्यांची अट साधी होती, संध्याकाळी आपल्या खाटेवर परत यायचं. पण तसं केंद्र त्यांच्या आसपास नव्हतं.

परवाच्या बैठकीत प्रत्येक गटानं दोन कामं करून यावं. एक, हजेरीची वही उघडून गेल्या दोन वर्षांत गळालेल्या बायांची यादी करायची आणि त्यांच्या घरी जायचं. गटाला बोलवायला जायचं नाही. दोघी-तिघींनी जाऊन तीन तास म्हाताऱ्या माणसाजवळ बसायचं आणि तिला म्हणायचं, तू जरा झोप किंवा बाहेर जाऊन ये. दोन, तिच्याकडून दिवसाच्या चोवीस तासांचा हिशेब लिहून घ्यायचा, रात्रीच्या उठण्यासकट. असे शंभर हिशेब घेऊन आपण एफ दक्षिण वॉर्डाच्या कचेरीवर जाऊ. दिवसाच्या केंद्राची मागणी करताना आपल्या हातात तेच कागद असतील.